छातीच्या फोटोतील डाग : भ्यावे किती, जपावे किती



आज मी आपल्याशी एका लहानशा डागाविषयी बोलणार आहे. "छातीच्या फोटोत डाग दिसतो आहे," एवढे एक वाक्य घरात शिरले, की त्या घराची झोप उडते. कोणी म्हणतो क्षय असेल, कोणी दबक्या आवाजात कॅन्सरचे नाव घेतो. म्हातारी नवस बोलते. थोरला मुलगा जमिनीचा कोणता तुकडा विकावा लागेल याचा हिशेब मनाशी मांडू लागतो. आणि ज्याच्या छातीत तो डाग, तो माणूस ओट्यावर गप्प बसून राहतो. छातीच्या रोगांचा डॉक्टर म्हणून असे गप्प बसलेले पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांची भीती अनाठायी होती. थोड्यांची तशी नव्हती, आणि त्यांतल्या काहींनी हाती असलेला वेळ भीतीपोटी किंवा दुर्लक्षामुळे घालवला. म्हणून या डागाला भ्यावे किती आणि त्याला जपावे किती, हे आज आपण नीट समजून घेऊ.

प्रथम हा डाग दिसतो कसा, ते पाहू. ८ नोव्हेंबर १८९५ या दिवशी जर्मनीत विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाला एका नव्या किरणाचा शोध लागला. किरण अनोळखी, म्हणून त्याने त्यांना 'एक्स' म्हटले. आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो. या शोधाबद्दल १९०१ साली त्याला पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. त्या किरणांनी जो छातीचा फोटो निघतो, तो वस्तुतः फोटो नव्हे, ती सावली आहे. उन्हात आंब्याच्या झाडाची भिंतीवर सावली पडते. त्या सावलीत खोड, फांद्या, पाने, आंबे सारे एकावर एक येते. एखादा आंबा खोडाच्या आड असला तर दिसत नाही, आणि दोन पाने एकमेकांवर आली तर तेथे आंबा असल्याचा भास होतो. छातीच्या फोटोचेही तसेच आहे. फासळ्या, हृदय, रक्तवाहिन्या यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ त्यांत बहुधा लपून जाते. उलट पूर्वी मोडून सांधलेली फासळी कधी कधी गाठीसारखी दिसते.

यावर उपाय निघाला तो सीटी स्कॅनचा. तो काढणारा गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा इंग्लंडातील एका शेतकऱ्याचा मुलगा. शेतावरची यंत्रे पाहत तो मोठा झाला. त्याच्या यंत्रावर पहिला रोगी तपासला गेला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या एका रुग्णालयात. या कामासाठी त्याला आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रात क्ष-किरणांची नळी माणसाभोवती फिरते आणि निरनिराळ्या बाजूंनी घेतलेल्या सावल्यांचे गणित संगणक मांडतो. काकडीच्या आपण पातळ चकत्या करतो, तशा शरीराच्या चकत्या तो पडद्यावर दाखवतो. शरीराला कात्री लागत नाही, सुरी लागत नाही. एकेक चकती एक मिलिमीटर इतकी पातळ असू शकते. शिवाय त्या चित्रातील प्रत्येक बिंदूला एक आकडा असतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे एक हजार, हाडाचा कित्येक शे. त्यामुळे ती गाठ मांसाची आहे, चरबीची आहे, की तिच्यात चुन्यासारखे कॅल्शियम साठले आहे, हे डॉक्टरांना समजते.

आता गाठीचे आकारमान पाहू. फुप्फुसात तीन सेंटिमीटरपर्यंतचा जो गोलसर ठिपका दिसतो, त्याला डॉक्टर मंडळी नोड्यूल म्हणतात. आपण त्याला बारीक गाठ म्हणू. कोणाची ज्वारीच्या दाण्याएवढी असते, कोणाची हरभऱ्याएवढी, कोणाची बोराएवढी. तीन सेंटिमीटरांच्या पुढे गेली, की ती बारीक गाठ राहिली नाही. तिची तपासणी लगोलग करावी लागते. मात्र ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी पुष्कळांच्या फुप्फुसात असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. क्षय होऊन बरा झाला, त्याची खूण राहिली. न्यूमोनिया झाला, त्याचा वण राहिला. बुरशीचा संसर्ग झाला, तो आत आटून बसला. गुडघ्याला लहानपणी लागलेल्याचा वण म्हातारपणीही दिसतो की नाही? तसेच हे आहे. आपल्या देशात तर हे विशेष ध्यानात घ्यायला हवे, कारण जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या भारतात आहेत.

येथे एक गोष्ट सांगतो. एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या. पोटाच्या दुसऱ्याच एका तक्रारीसाठी स्कॅन काढला, त्यात उजव्या फुप्फुसाच्या बाजूला बारा मिलिमीटरची गाठ निघाली. गुरुजी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी मुलांना आयुष्यभर खरे बोलायला शिकवले. आता आपण खरे सांगा. किती दिवस उरले?"

मी म्हटले, "गुरुजी, ते पुढे पाहू. आधी मला सांगा, पूर्वी कधी छातीचा फोटो काढला होता?"

गुरुजी नाही म्हणू लागले, तोच बाई म्हणाल्या, "काढला होता की. दहा वर्षांमागे ह्यांना टीबी झाला होता तेव्हा. ट्रंकेत असेल, ह्यांच्या सेवापुस्तकाच्या खाली."

चार दिवसांनी तो फोटो आला. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्याला कसर लागलेली. पण डाग स्पष्ट होता. त्याच जागी, तेवढाच, आणि चुन्यासारखा पांढरा. नव्या स्कॅनमध्येही त्या गाठीत कॅल्शियम भरलेले होते. दहा वर्षे जी गाठ तसूभर वाढली नाही, ती कॅन्सरची कशी असेल? ती बऱ्या झालेल्या क्षयाची खूण होती. गुरुजींना ना सुई टोचावी लागली, ना औषध द्यावे लागले. त्यांचा संशय फिटला तो त्या ट्रंकेतल्या फोटोने. म्हणून मी प्रत्येकाला विनवून सांगतो, छातीचे जुने फोटो, स्कॅनच्या फिल्मा, तबकड्या आणि कागद जपून ठेवा. जमिनीचा सातबारा जेवढ्या निगुतीने ठेवता, तेवढ्याच निगुतीने ठेवा.

आता दुसरी गोष्ट. ही सांगताना मला आनंद होत नाही, पण सांगितलीच पाहिजे. पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी. तीस वर्षे बिडी ओढणारे. ट्रॅक्टरवरून पडले म्हणून छातीचा स्कॅन काढला. फासळ्या शाबूत होत्या, पण उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सात मिलिमीटरची, म्हणजे हरभऱ्याएवढी, गाठ दिसली. त्यांना सांगितले, "सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅनला या." सहा महिन्यांनी उसाची तोड होती. त्यानंतर मुलीचे लग्न आले. दुखत नाही, खुपत नाही, खोकला नाही, मग हजारो रुपये कशाला घालवायचे, असे त्यांना वाटले. ते आले ते अडीच वर्षांनी, थुंकीतून रक्त पडू लागले तेव्हा. हरभऱ्याचे लिंबू झाले होते, आणि रोग फुप्फुसाबाहेर गेला होता. त्यांच्या मुलाने मला विचारले, "साहेब, तेव्हाच कळले असते तर?" या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? दोष त्या शेतकऱ्यांना एकट्याला देऊन भागणार नाही. 'सहा महिन्यांनी या' एवढे आम्ही सांगितले, पण 'का या' हे नीट समजावून सांगितले नाही. ते आज सांगतो.

कॅन्सरची गाठ आणि जुनी खूण यांतला मोठा फरक वाढीचा आहे. जंतुसंसर्गाची गाठ पुष्कळदा काही दिवसांतच दुप्पट होते, किंवा औषधाने विरते. जुना वण वर्षानुवर्षे तसाच राहतो. कॅन्सरची भरीव गाठ या दोहोंच्या मध्ये असते. तिला दुप्पट व्हायला बहुधा एक महिन्यापासून वर्षभरापर्यंत, क्वचित थोडा अधिक, काळ लागतो. म्हणून तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढायचा. पेरलेले उगवते की नाही, हे पाहायला शेतकरी जसा ठरल्या दिवशी रानात जातो, तसेच हे आहे. अशी वाट पाहणे हीदेखील एक तपासणीच आहे. मात्र ठरल्या दिवशी गेले नाही, तर ती तपासणी अर्धवट राहते.

शिक्षक बंधुभगिनींनो, येथे एक सोपे गणित आहे, ते वर्गात जरूर घाला. आठ मिलिमीटरची गाठ सहा महिन्यांनी दहा मिलिमीटरची झाली. मुले म्हणतील, वाढ दोनच मिलिमीटरची. पण गाठ गोल आहे, ती चोहोबाजूंनी वाढते. आठाचा घन पाचशे बारा, दहाचा घन एक हजार. म्हणजे व्यास दोन मिलिमीटरने वाढला, पण गाठ जवळजवळ दुप्पट झाली. त्या शेतकऱ्यांची गाठ सात मिलिमीटरवरून पस्तीसवर गेली, म्हणजे व्यास पाचपट. तर गाठ किती पट? पाचाचा घन, एकशे पंचवीस पट. डोळ्यांना थोडी वाटणारी वाढ किती मोठी असते, हे मुलांना यावरून कळेल आणि मुले ते घरी जाऊन सांगतील.

आता किती गाठीला किती जपावे, याविषयी. २०१७ साली फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या प्रतिमाशास्त्राच्या संस्थेने जे ठोकताळे दिले, ते जगभर वापरले जातात. पस्तिशीच्या पुढच्या, पूर्वी कॅन्सर न झालेल्या आणि ज्यांची प्रतिकारशक्ती शाबूत आहे अशा माणसांसाठी ते आहेत. त्यांचे सार असे. एकटी भरीव गाठ सहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल आणि माणसाला तंबाखूसारखा धोका नसेल, तर पुन्हा स्कॅनची गरज नाही. धोका असेल तर वर्षाने एकदा पाहावे, असे डॉक्टर सांगू शकतात. सहा ते आठ मिलिमीटरची असेल, तर सहा महिने ते वर्षाच्या आत पुन्हा स्कॅन. आठच्या पुढची असेल, तर तीन महिन्यांनी स्कॅन, किंवा पेट स्कॅन, किंवा गाठीचा नमुना घेऊन तपासणी. भरीव गाठ दोन वर्षे मुळीच वाढली नाही, तर सहसा निश्चिंत व्हावे. परंतु काही गाठी भरीव नसतात. पहाटेच्या धुक्यातून झाड दिसावे तशा पुसट दिसतात. त्या फार सावकाश वाढतात, म्हणून त्यांच्यावर पाच वर्षे नजर ठेवावी लागते. आकाराबरोबर डॉक्टर गाठीची कडही पाहतात. गुळगुळीत कड आणि आत कॅल्शियमचा किंवा चरबीचा गाभा असेल तर दिलासा. बाभळीच्या काट्यांसारखे फाटे फुटलेली कड असेल तर संशय अधिक.

कोणी विचारील, की मग सर्वांनीच स्कॅन काढून का घेऊ नये? याचे उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात आहे. तेथे २००२ सालापासून ५३,४५४ माणसांना निवडले. सारी ५५ ते ७४ वर्षांची, आणि दिवसाला एक पाकीट याप्रमाणे निदान तीस वर्षे भरतील इतक्या सिगारेटी ओढलेली. निम्म्यांचा कमी किरणांचा सीटी स्कॅन केला, निम्म्यांचा साधा छातीचा फोटो. २०११ साली निष्कर्ष छापून आला. स्कॅनच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे दुसऱ्या गटात जेथे पाच दगावले, तेथे या गटात चार. ही गोष्ट लहान नव्हे. पण त्याच प्रयोगाने दुसरीही गोष्ट दाखवली. ज्या ज्या स्कॅनमध्ये संशयास्पद काही दिसले, अशा शंभरांपैकी शहाण्णव वेळा तो कॅन्सर नव्हताच. हा शहाण्णवाचा आकडा मनात कोरून ठेवा. डाग निघाला म्हणून हातपाय गाळू नका. आणि उरलेल्या चारांचाही विसर पडू देऊ नका, कारण त्या चारांचा जीव वेळेवर वाचू शकतो.

यावरून समजते, की ज्याने कधी धूम्रपान केले नाही आणि ज्याला काही त्रास नाही, त्याने केवळ हौसेने स्कॅन काढण्यात हशील नाही. आपल्याकडे जुन्या क्षयाच्या खुणा पुष्कळ, त्यामुळे फुकटची धास्ती अधिक. स्कॅनमधून थोडे किरणही अंगात जातात. कमी किरणांच्या छातीच्या स्कॅनमध्ये ते सुमारे दीड मिलिसीव्हर्ट असतात. जमीन, आकाश आणि हवा यांतून माणसाला वर्षभरात सरासरी जेवढे किरण मिळतात, त्याहूनही हे कमी. म्हणजे गरजेच्या स्कॅनला घाबरू नये, आणि विनागरज काढूही नये. ज्याने वीस-तीस वर्षे बिडी वा सिगारेट ओढली आहे आणि ज्याने पन्नाशी ओलांडली आहे, त्याने मात्र डॉक्टरांशी या तपासणीविषयी अवश्य बोलावे.

पेट स्कॅनविषयी दोन शब्द. त्याचा पोटाशी संबंध नाही! वाढणाऱ्या पेशींना साखर जास्त लागते. म्हणून साखरेसारख्या एका पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तो शिरेतून देतात. हा फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून ठरलेली वेळ चुकवून चालत नाही. जेथे साखर जास्त खपते, ती जागा यंत्रात उजळते. पण क्षयाची जिवंत गाठही तशीच उजळते, आणि फार लहान किंवा फार सावकाश वाढणारा कॅन्सर उजळतही नाही. तेव्हा पेट स्कॅनमध्ये गाठ उजळली म्हणजे निकाल लागला, असे आपल्या देशात तरी समजू नये.

अखेरचा निकाल लागतो तो गाठीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. स्कॅनमध्ये पाहत पाहत बाहेरून सुई घालून, किंवा श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, तो घेतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो," असे पारावर बोलले जाते. ही भीती टाकून द्या. सुईच्या वाटेने रोग पसरणे हे अगदी क्वचित घडते. खरा धोका वेगळा आहे. सुईमुळे फुप्फुसाबाहेर हवा साठू शकते, आणि काहींना त्यासाठी नळी घालावी लागते. हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. पण त्या भीतीने निदान टाळले, तर रोग थांबून राहत नाही.

आणखी एक कळकळीची विनंती. डाग दिसला, की थुंकी न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू करायच्या आणि सहा महिने वाट पाहायची, असे पुष्कळदा होते. डाग कॅन्सरचा असला तर ते सहा महिने वाया जातात. तेव्हा आधी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि क्षयाची औषधे मोफत आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीतून रक्त, आवाज बसणे, वजन घटणे, यांतले काही असेल तर डागाची वाट न पाहता दाखवा. बायकांनीही दाखवावे. ज्यांनी कधी बिडीला हात लावला नाही, अशा स्त्रियांनाही फुप्फुसाचा कॅन्सर होतो.

आता डाग निघालाच, तर काय करावे? एक, जुने फोटो शोधून डॉक्टरांना दाखवा. दोन, गाठ किती मिलिमीटरची आहे, भरीव की पुसट, हे विचारून कागदावर लिहून घ्या. तीन, पुन्हा केव्हा यायचे ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच ठिकाणी काढा, म्हणजे तुलना चोख होते. चार, बिडी-सिगारेट त्याच दिवशी सोडा. डाग निरुपद्रवी निघाला तरी सोडा. शिक्षकांनी एवढे करावे, की गावात ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला तो वाचून दाखवावा आणि त्याची तारीख त्याला आठवण करून द्यावी.

ते गुरुजी आता हेच करतात. त्यांच्या गल्लीत कोणाच्या फोटोत डाग निघाला, की ते प्रथम विचारतात, "ट्रंक धुंडाळली का?" आणि पुढची तारीख आपल्या वहीत टिपून घेतात. अशी एक वही प्रत्येक गावात असावी, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.